तीन बोटं खाली

सांता सेसिलियाच्या दिवशी लाकानिलावांच्या घरातून कुणालाही हाकलत नाहीत. माविकने म्हणूनच हा दिवस धरला होता. ही संत वाजवणाऱ्यांची. तिच्या सणाला पहाटे बँड गावभर फिरतो, मग चर्चमध्ये जातो आणि दुपारी माएस्त्रो पुलोंच्या अंगणात जेवायला बसतो. नियम एकच, आधी वाजवा, मग ताटाला हात लावा. कुणाचं कुणाशी वाकडं असो, बोलणं बंद असो, सोयरीक मोडलेली असो, ते सगळं त्या दिवसापुरतं फाटकाबाहेर ठेवायचं. संध्याकाळी जाताना ज्याचं त्याने परत उचलून न्यावं, असं माएस्त्रो म्हणायचे, आणि आमच्या गावचे लोक इमानदारीने उचलून नेत.

तरीही फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा माविकला उतरवेना. उभी हयात ही बाई हजारो लोकांपुढे गात आली होती. तिचं ‘तुझी छत्री राहिली’ लागलं की जीपनीचा ड्रायव्हर अजूनही रेडिओचा आवाज वाढवतो. पण बापाच्या, माएस्त्रो पुलोंच्या, अंगणात पाय टाकायचा म्हटल्यावर तिने गाडीचं दार दोनदा उघडून दोनदा लावलं.

तिला एकच गोष्ट हवी होती. पुढच्या महिन्यात मनिलाच्या एका थिएटरात ती आपली जुनी गाणी सोळा माणसांच्या बँडबरोबर गाणार होती, जॅझच्या ढंगाने, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन सगळं समोर बसवून. वडिलांच्या बँडमध्ये ती पोरवयात गायची, अगदी तसं. त्या रात्री पहिल्या गाण्याची मोजणी वडिलांनी द्यावी. त्यांनी समोर उभं राहून चुटकी वाजवावी आणि सोळा जणांनी एकदम श्वास घ्यावा. तो श्वास पाठीमागून ऐकून किती वर्षं झाली, हे तिला सांगता आलं असतं, पण विचारणारं कुणी नव्हतं.

“तिता! आलीस? मला वाटलं ऐन वेळी टांग देशील.” फाटक उघडत लुवी म्हणाली. लुवी तिच्या मोठ्या भावाची, सेंदोंगची मुलगी. गळ्यात सॅक्सोफोनचा पट्टा, पायात घरातल्या चपला. “आण ती पिशवी इकडे. बापरे, दगड भरलेत की काय?”

“स्पीकर आहे.”

“कशाला?”

माविकने गॉगल काढून पुसला. “मायनस-वन आणलंय. आधी वाजवायचं, मग जेवायचं ना? माझं वाद्य ते.”

लुवीने पिशवीत डोकावून पाहिलं. मायनस-वन म्हणजे गायकाचा आवाज वगळून बाकी सगळी साथ भरलेली तयार टेप. लग्नात, बँकेच्या पार्टीत, मॉलच्या उद्घाटनाला, सगळीकडे तेच लावतात. पण सांता सेसिलियाच्या दिवशी, माएस्त्रो पुलोंच्या अंगणात?

“तिता, आत बारा माणसं वाद्यं पुसत बसलीत.”

“ती माझ्यामागे वाजवतील कशावरून?” माविक म्हणाली. हे तिने अगदी साधेपणाने विचारलं. लुवीने पिशवी खांद्याला लावली आणि आत्याच्या पुढे चालू लागली.

*

स्वयंपाकघरात पारो पान्सितच्या शेवया मोठ्या कढईत परतत होती. सेंदोंगची ही बायको या घरात सून म्हणून आली आणि नवरा क्रूझ बोटींवर ट्रंपेट वाजवायला गेला. वर्षातून दोन महिने नवरा, बाकी सासरा. सासू गेली, तशी पारोच घराची किल्ली, घड्याळ आणि कान झाली. कान हे नुसतं बोलायला नाही. माएस्त्रोंना ऐकू येत नव्हतं, आणि हे या भूतलावर फक्त पारोला ठाऊक होतं.

गेल्या पवित्र आठवड्यात तिच्या लक्षात आलं. चहाची किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली आणि म्हातारा शेजारीच बसून पेपर वाचत होता. तिने पाठीमागून हाक मारली, टाळी वाजवली, शेवटी तव्यावर उलथनं आपटलं. मग ती समोर जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की हिला कळलं.

“सेंदोंगला सांगू नकोस,” ते म्हणाले होते. “कुणालाच नको. बहिऱ्याला माएस्त्रो कोण म्हणेल?”

तेव्हापासून पारो त्यांच्याशी समोरून बोलायची, आधी कोपराला हात लावून. घरच्या माणसांचे ओठ ते बरे वाचत. बाहेरचे लोक म्हणायला लागले, म्हातारपणी पुलोंना गर्व झाला, हाक मारली तरी बघत नाहीत. पारो मूग गिळून बसली. गुपित सांभाळायचं म्हणजे घरात एकट्यानेच बडबड करत राहायचं, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

“आते पारो.” दारात माविक उभी होती. मोठ्या वहिनीला ती ‘आते’, म्हणजे ताई, म्हणे.

“ये.” पारोने हात पदराला, म्हणजे एप्रनला पुसले. नणंदेच्या गालाला गाल लावला. “वाळलीस. टीव्हीवर जाड दिसतेस.”

“टीव्हीवर सगळंच जाड दिसतं. तातय कुठे आहेत?”

“मागे, पेरूखाली. कॉर्नेट धुतायत.” पारो थांबली. “माविक, त्यांच्याशी बोलताना...”

“काय?”

त्याच वेळी सेंदोंग ट्रंपेट घेऊन आत आला. पारोच्या तोंडाला कुलूप लागलं.

*

सेंदोंगला आपल्या बहिणीचा राग होता, आणि तो त्याने नीट जपून ठेवला होता. राग जपायला बोटीवरच्या केबिनसारखी जागा नाही. तिथे खिडकी नसते, आणि ‘तुझी छत्री राहिली’ची फर्माईश करणारा आपल्याच देशाचा एखादा पिनॉय खलाशी प्रत्येक बंदरावर असतो.

“मोठ्या माणसांचे पाय लागले आमच्या घराला,” तो म्हणाला.

“कुया, तू तरी असं बोलू नकोस.” भावाला ती अजून ‘कुया’, म्हणजे दादाच म्हणत होती.

“मग कसं बोलू? थिएटर घेतलंयस म्हणे. बिग बँड. सोळा माणसं.” त्याने ट्रंपेटच्या खिट्ट्या दाबून पाहिल्या. “हॉटेलात आमची पण सोळाच होती गं. हॉटेलवाल्याने खुर्च्या उचलल्या आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच स्टेजवर तू उभी राहिलीस. एकटी. टेप लावून.”

“मी नाही म्हटलं असतं तर दुसरी कुणी उभी राहिली असती.”

“मग दुसरी राहू द्यायची.”

 तेव्हा माविक बावीस वर्षांची होती आणि तिला वाटलं होतं, एक हंगाम गाऊ, नाव होईल, मग हॉटेलवाल्याला सांगू, आता माझ्या वडिलांचा बँड परत आणा. नाव झालं. हॉटेलवाला म्हणाला, कशाला? टेप छान चाललीय, टेपला जेवण लागत नाही.

“त्या खुर्च्या गेल्या म्हणून मी बोट धरली, पोरीला पाहायला वर्षातून एकदा यायचो,” सेंदोंग म्हणाला. “ती मला अंकल म्हणायची. सख्खी पोरगी. विचार हिला.”

“एकदाच म्हणाली होती,” पारो कढईत बघत म्हणाली.

“एकदा पुरे झालं की.”

“झालं असेल तर ती लुंपिया बाहेर नेऊन ठेव. तोंड चालतंय तसे हात पण चालू देत.”

सेंदोंगने ताटली उचलली. जाता जाता तो बहिणीला म्हणाला, “तातय येणार नाहीत तुझ्या कार्यक्रमाला. विचारून बघ. माझ्याशी दोन महिन्यांत धड चार वाक्यं बोलले नाहीत, तुझ्याशी काय बोलतायत.”

पारोने शेवया जरा जास्तच जोरात उलटल्या.

*

माएस्त्रो पेरूच्या झाडाखाली बाकावर बसले होते, घराकडे पाठ करून. पुढ्यात साबणाच्या पाण्याची परात, त्यात कॉर्नेटचे सुटे भाग. पाठ तशीच ताठ. मानेवरचे केस मात्र पांढरे आणि विरळ झालेले, आणि शर्टाची कॉलर दोन्ही बाजूंनी झिजलेली. ती कॉलर बघून माविकला वाईट वाटलं. चार पावलांवर ती थांबली. जवळ जाऊन त्यांचा हात आपल्या कपाळाला लावायचा, ही रीत. पण त्यांनी हात काढून घेतला तर? म्हणून आधी बोलून घ्यावं, असं तिने ठरवलं.

“तातय.”

त्यांनी एक खिट्टी पाण्यातून काढली, उजेडात धरून पाहिली.

“तातय, मी आहे. माविक.”

खिट्टी पुसली जात होती.

“रागावला असाल तर बरोबरच आहे. मी नुसतं बोलते, तुम्ही बोलू नका.” मग तिने सगळं सांगितलं. हॉटेलच्या त्या पहिल्या रात्री टेप सुरू झाली तेव्हा तिने सवयीने मागे वळून पाहिलं होतं आणि मागे फक्त पडदा होता. तेव्हापासून ती मागे पाहायचंच विसरली. नवरा होता तो गेला, मूल झालं नाही, त्याचंही काही नाही. पण गाताना मागे कुणी नसतं ते सोसत नाही. “मी चुकले तातय. मला ते तेव्हाच कळलं होतं, सांगायला यायला तोंड नव्हतं. आता सोळा माणसं बसवतेय. तुम्ही फक्त मोजणी द्यायला या. एकाच गाण्याची. याल?”

माएस्त्रोंनी खिट्टी फडक्यावर ठेवली. दुसरी घेतली. ते काहीतरी गुणगुणत होते, बेसूर, आणि तिने त्यांना बेसूर गुणगुणताना आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, हा आपल्याला टोमणा आहे.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून पारो हे बघत होती. धावत जाऊन सांगावं, अगं त्यांना ऐकू येत नाही, समोर जा, समोर. ती दारापर्यंत गेलीसुद्धा. पण शब्द दिला होता, आणि या घरात तिच्याकडे शब्द मागणारं माणूस ते एकच होतं. ती परत फिरली आणि उगाच एक स्वच्छ ताट धुवायला घेतलं.

माविक आत आली तेव्हा तिने गॉगल पुन्हा लावलेला होता.

“नाही म्हणाले?” लुवीने विचारलं.

“काहीच म्हणाले नाहीत.”

“मग?”

“मग काय. जेवायचं आणि जायचं. जेवायच्या आधी गायचं.”

*

अंगणात ताडपत्रीखाली टेबलं मांडली होती, मधोमध केळीच्या पानांवर भाजलेलं डुक्कर, आणि त्याच्याकडे बघत बारा वाजंत्री. माएस्त्रो बँडच्या समोर वेताच्या खुर्चीत बसले. एकेकाने वाजवलं. ड्रमवाला तिबो दरवर्षीसारखा लांबत गेला, तेव्हा सगळे ओरडले, “अरे डुक्कर थंड होतंय!” मग माविकची पाळी आली.

तिने पिशवीतून स्पीकर काढला आणि टेबलावर ठेवला.

 कुणीतरी हसलं आणि लगेच हसू गिळलं.

“वा!” सेंदोंग म्हणाला. “तातयच्या अंगणात मायनस-वन. आता फक्त आमच्या खुर्च्या उचलायच्या राहिल्यात. उचलू का आम्हीच?”

“कुया, मी तुमच्यावर ओझं नको म्हणून...”

“ओझं!”

“बाबा, पुरे!” लुवी उभी राहिली. तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. “हे गाणं मी बँडसाठी लिहिलंय. सगळ्यांचं. तिताच्या कार्यक्रमातली सगळी गाणी मी लिहिलीत. आणि मी तिथे सॅक्स वाजवणार आहे. तुम्हाला सांगणार होते.”

सेंदोंगने ट्रंपेट खाली ठेवलं. पोरगी आपल्याला न सांगता तिकडे गेली, हे त्याला लागलं; आणि ती गेली कुणाकडे, हे त्याहून लागलं. “कधी सांगणार होतीस? पुढच्या बंदरावर?”

“तुम्ही तिकडून किती सांगायचात?” लुवी म्हणाली आणि कागद वाटायला लागली.  वाजवावं की नाही, कुणालाच कळेना. सगळे माएस्त्रोंकडे बघू लागले.

पारोने पुढे होऊन म्हाताऱ्याच्या कोपराला हात लावला आणि मुख्य कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. ओळीवरून ओळीवर बोट फिरलं. मान हलली, एका जागी थांबली, पुन्हा हलली.

“कुणी लिहिलंय?”

“मी, लोलो.” लुवी आजोबांच्या समोर आली.

“ट्रंपेटवाल्याला श्वास घ्यायला जागा ठेवत जा. तुझ्या बापाला विचार, मेला असता तो इथे.” त्यांनी कागद परत दिला. “बाकी बरं आहे. वाजवा.”

एवढं ऐकून बारा जणांनी वाद्यं उचलली. सेंदोंगनेही उचललं. माएस्त्रोंच्या शब्दापुढे त्याचा राग अजून लहान होता. त्यांनी एक बोट वर केलं. आमच्याकडे कागद नसले तरी बोटांवर पट्टी कळते. बोटं वर म्हणजे तीव्र सूर, बोटं खाली म्हणजे कोमल, जितकी बोटं तितके. एक बोट वर, ही त्या गाण्याची रेकॉर्डवरची पट्टी. लुवीने ती रेकॉर्ड ऐकूनच गाणं लिहिलं होतं.

इथे एक सांगायला हवं. गेली कित्येक वर्षं माविक त्या पट्टीत गात नव्हती. पिशवीतलं मायनस-वन बरंच खाली उतरवलेलं होतं. बटण दाबलं की उतरतं, कुणाला पत्ता लागत नाही. लुवीने कागद दाखवले तेव्हा ती म्हणू शकली असती, बाळ, एवढं वर मला आता जमत नाही. पण पोरीच्या डोळ्यांत ती अजून रेकॉर्डच्या कव्हरवरची माविक होती, आणि तिथून खाली उतरायचं तिच्या जिवावर आलं. यालाच आमच्यात लाज म्हणतात आणि फार मोठा गुण समजतात.

चुटकी वाजली. बारा जणांनी श्वास घेतला.

तो आवाज पाठीवर आला तेव्हा माविकच्या अंगावर काटा आला. ती गाऊ लागली. तेच शब्द, घाईघाईच्या ठेक्यावर पोरंटोरं नाचायची ते. पण लुवीने ठेका अर्ध्यावर आणला होता, आणि सावकाश म्हटलं की कळत होतं, हे गाणं छत्री परत न्यायला कुणीच न आलेल्या बाईचं आहे. पहिलं कडवं छान गेलं. तिबोने डोळे मिटले. मग गाणं वर चढलं, ‘अजून दारामागे टांगलीय’ या ओळीशी, आणि वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला.

पाहुण्यांनी झटकन ताटांकडे पाहिलं. लुवीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बँड गोल गोल तेच दोन तुकडे वाजवत राहिला. तिने पुन्हा सूर लावला, पुन्हा फाटला. सेंदोंगने बहिणीकडे पाहिलं. या क्षणाची त्याने केबिनमध्ये कितीदा कल्पना केली होती. आता ती समोर होती आणि त्याला मजा येत नव्हती.

तेवढ्यात माएस्त्रोंचा हात वर आला. तीन बोटं, खाली.

विचार करायच्या आधी सेंदोंगची बोटं फिरली. तिबोने एक ठोका जास्त दिला, ट्रॉम्बोन घसरत उतरले, लुवी कागद सोडून कानाने वाजवू लागली, आणि सगळा बँड माविकला घेऊन खाली उतरला. तिथे तिचा आवाज होता. भरीव, जरासा खरखरीत, वयाला शोभणारा. गाणं संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते चांगलंच झालं.

*

माविक वडिलांसमोर गुडघ्यावर बसली, त्यांचा हात घेऊन कपाळाला लावला. त्यांनी काढून घेतला नाही.

“तातय, तुम्हीच सांभाळलंत. मी सांगायला हवं होतं, मला आता तेवढं वर जमत नाही. आवाज फाटतो.”

“फाटला?” माएस्त्रोंनी विचारलं.

तिने मान वर केली. “मग पट्टी का उतरवलीत?”

“तू टाचा उचलल्यास. नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून सूर उंच पडला की टाचा उचलतेस, जसं काही कपाटावरून डबा काढायचाय.”

“तातय?” सेंदोंग मागून म्हणाला. ते वळले नाहीत. “तातय!” तो मोठ्याने ओरडला, तिबोच्या झांजेला कंप सुटला. म्हातारा मुलीच्या तोंडाकडे बघत बसला होता. मुलीचा चेहरा पालटला, तसं त्यांनी मान वळवून पारोकडे पाहिलं.

“मी नाही सांगितलं,” पारो म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते, तरी त्यांनी ते वाचले. मग ती नवऱ्याकडे वळली. “पवित्र आठवड्यापासून. आता विचारू नकोस मला काही. तुम्ही सगळे एकमेकांवर रुसायला मोकळे होतात, मी नव्हते.”

 सेंदोंगने ट्रंपेट उलटं करून त्यातलं पाणी झटकलं, नव्हतं तरी.

माविकला पेरूचं झाड आठवलं. “मघाशी मी मागे आले होते. तुमच्याशी बोलले.”

“आली होतीस?” त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. “वास आला मला अत्तराचा. वाटलं, पारोने साबण बदलला. काय म्हणालीस?”

सगळं अंगण ऐकत होतं. माविकने तोंड उघडलं आणि मिटलं. ते एकदाच म्हणण्यासारखं होतं, आणि ते एका झिजलेल्या कॉलरला म्हणून झालं होतं. उरलेलं तेवढं तिने सावकाश, ओठ नीट हलवत विचारलं. “माझ्या कार्यक्रमात मोजणी द्याल?”

“मोजणी देईन. आणि पुढे?” ते म्हणाले. “माझ्यापुढे सोळा माणसं गाल फुगवणार. चाललंय की कोसळलंय, मला कोण सांगणार? मी आपला हात हलवत राहीन, आणि लोक म्हणतील, वा माएस्त्रो. नाही पोरी. त्या माणसाला मी माझ्या जागेवर उभं करणार नाही.”

“मी वळून वळून सांगेन.”

“तुझं तोंड लोकांकडे पाहिजे. लोक तुझ्यासाठी येतात.” एवढं बोलून ते थकल्यासारखे झाले. “नाही म्हटलं ना.”

तिने मान हलवली. तिला रडू आलं आणि तिने येऊ दिलं. सेंदोंग खुर्च्यांच्या रांगेत जाऊन पहिल्या ट्रंपेटच्या जागी बसला आणि कागद नीट लावत लुवीला विचारलं, “तिकडे या खुर्चीवर कोण बसणार आहे?”

“अजून कुणी नाही.”

“हं. ही श्वासाची जागा दुरुस्त कर आधी.”

माएस्त्रोंनी वेताची खुर्ची फिरवली. आता बँडकडे त्यांची पाठ होती. “इथे मात्र पुन्हा गा,” ते माविकला म्हणाले. “माझ्याकडे तोंड करून. मला बघू दे कसं झालंय. तुम्ही वाजवा रे तुमचं.”

ती पाहुण्यांकडे पाठ करून उभी राहिली. सेंदोंगने मोजणी दिली. तीन बोटं खाली, सावकाश. माएस्त्रो तिच्या ओठांवर नजर लावून बसले आणि त्यांचा उजवा हात गुडघ्यावर ठेका धरू लागला. तो ठेका बँडपेक्षा किंचित संथ होता. पहिल्या कडव्यात एका ठोक्याने मागे पडला, दुसऱ्यात कितीतरी. माविकच्या टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या. ते मान हलवत होते.

मग गाणं संपलं, पण शेवटचा शब्द माविकच्या उघड्या ओठांवर तसाच राहिला. लुवीने सॅक्स खाली घेतला, तिबोने झांज हाताने धरली. अंगणात डुकराभोवतीच्या माश्यांचा आवाज राहिला. आणि म्हाताऱ्याचा हात चालूच होता. त्यांच्या हिशेबाने अजून छत्री दारामागे टांगलेली होती, अजून कुणी यायचं होतं.

माविकने मागे पाहिलं नाही. ती तशीच उभी राहिली, त्यांच्या हाताकडे बघत, आणि आवाज न काढता ओठ हलवत राहिली, एक एक शब्द, त्यांच्या ठेक्यात. बँडमधलं कुणी हललं नाही. पारोने डाव हवेतच धरला होता. शेवटच्या शब्दाशी ते पोचले, हात वर आला, आणि बँड थांबवायला उचलतात तशी त्यांनी मूठ मिटली.

मग तिने तोंड मिटलं.

“छान वाजवलं पोरांनी,” माएस्त्रो म्हणाले. “चला, जेवा आता.”